वेसण नसलेला विद्यार्थी

कवठे महांकाळच्या माणसाने सील या प्राण्यावर लेख लिहावा, हे पाहून कोणी हसले तर मी त्याला दोष देणार नाही. समुद्र आम्हाला सह्याद्रीपलीकडचा, आणि यंदा अग्रणीला पाणी किती, हा आमच्या पारावरचा बारमाही प्रश्न. परंतु जनावराला शिकवण्याची विद्या आमच्या सांगली जिल्ह्याला मुळीच परकी नाही. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे याच जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. पेशाने नामांकित चाबूकस्वार. 1879 साली कियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. ती पाहून छत्र्यांना ईर्ष्या चढली आणि 1880 साली त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांनी आणि तासगावच्या माळींनीही आपापल्या सर्कशी काढल्या.

मी पडलो मराठीचा मास्तर, तेव्हा नजर आधी शब्दावर जाते. घोडा शिकवणाऱ्याला आपण ‘चाबूकस्वार’ म्हणतो. घोड्याला लगाम, बैलाला वेसण, हत्तीला अंकुश! माणसाच्या खर्चाला लगाम आणि जिभेला वेसण घालतानाही आपल्याला गोठा नि तबेलाच आठवतो. शिकवणे म्हणजे आधी धरून ठेवणे, ही समजूत आपल्या भाषेत अशी खोल मुरली आहे.

आता या समजुतीला सीलने कसा धक्का दिला, ते पाहा.

प्रथम एक घोटाळा दूर करू. नाकावर चेंडू तोलणारा जो ‘सील’ आपण चित्रांत पाहतो, तो बहुधा सील नसतोच. तो असतो त्याचा चुलतभाऊ, कॅलिफोर्नियाचा समुद्रसिंह. समुद्रसिंहाला बाहेर दिसणारे इवलेसे कान असतात, आणि मागचे पाय पुढे वळवून तो जमिनीवर चालू शकतो. खऱ्या सीलला कानाच्या जागी नुसते छिद्र. जमिनीवर तो पोटावर सरपटतो. पाण्यात मात्र दोघेही राजे. भारताच्या किनाऱ्यावर यांपैकी कोणाचीच वस्ती नाही.

अशा प्राण्याला वेसण घालावी कशी? पाण्यात शिरताच तो नाकपुड्या मिटून घेतो. चाबूक उगारावा, तर बुडी मारून तलावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो आणि तिथून तुमच्याकडे पाहत राहतो. बरे, धाक एकदा बसला की तो काठाशी यायचेच सोडतो. डॉल्फिनचीही हीच तऱ्हा. मारून शिकवायची सोयच नाही म्हटल्यावर माणसाला दुसरी वाट शोधणे भाग पडले.

ती वाट प्रयोगशाळेतून आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने बक्षीस देऊन शिकवण्याची त्यांची रीत प्रयोगशाळेबाहेर नेली. 1950 नंतरच्या दशकात ती फ्लोरिडातील मत्स्यालयात पोहोचली. 1963 पासून हवाई बेटावर कॅरेन प्रायर या बाईंनी डॉल्फिनना याच रीतीने शिकवले. रीत ऐकायला अगदी सोपी आहे. आधी शिट्टी वाजवायची आणि लगेच मासा द्यायचा. चार दिवसांत प्राण्याला उमगते की शिट्टी म्हणजे ‘शाबास!’ मग काठीच्या टोकाला चेंडू लावून पुढे धरायचा. प्राण्याने कुतूहलाने त्याला नाक लावले, की त्याच क्षणी शिट्टी. एवढा पाठ पक्का झाला की चेंडू नेऊ तिकडे तो येतो. मोठे काम असे लहान लहान पायऱ्यांनी शिकवले जाते. चूक झाली तर शिक्षा नाही. शिट्टी वाजत नाही, इतकेच.

वाचक विचारतील, हा सगळा खटाटोप चेंडूच्या खेळासाठीच ना? तसे नाही, आणि माझ्या मते या विद्येची खरी थोरवी इथेच आहे. रानातला प्राणी आजार लपवतो. दुबळा दिसला की शत्रूच्या तोंडी पडायचा, ही त्याची पिढीजात शिकवण. सील आजारी आहे हे डोळ्यांना दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून चांगल्या मत्स्यालयात त्याला रोजच्या तालमीत तोंड उघडून दात दाखवायला, वजनाच्या काट्यावर स्वतःहून चढायला, डोळ्यांत औषध घालू द्यायला आणि रक्त काढताना स्वस्थ पडून राहायला शिकवतात. नाहीतर प्रत्येक तपासणीला जाळे टाकायचे, चारचौघांनी दाबून धरायचे किंवा गुंगी द्यायची. सील पाण्यात बुडी मारून श्वास रोखणारा प्राणी, त्यामुळे त्याला गुंगी देणे फार जोखमीचे. तालमीच्या मध्येच तो उठून पाण्यात गेला तर जाऊ देतात. ‘नाही’ म्हणायची मुभा असलेला प्राणी उद्या पुन्हा काठाशी येतो.

बाकी सेवा आमच्याकडच्या धनगराला सहज समजेल अशी. मेंढी चरायची थांबली की तो ओळखतो. सील सांभाळणाराही रोज पहिल्याने तेच पाहतो. किती मासे खाल्ले, किती टाकले, वजन किती, याची वहीत नोंद होते. बर्फात साठवलेल्या काही माशांतले ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून त्याची गोळी माशाच्या कल्ल्यात दडवून देतात. आजीने गुळात औषध द्यावे, तसे!

माणसाच्या सहवासात सील किती शिकतो, याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे हूव्हर. 1971 साली अमेरिकेतील मेन राज्यात हे पोरके पिलू एका कुटुंबाला सापडले. ते मासे असे ओढून घेई, की केर ओढणाऱ्या यंत्राचे नाव त्याला मिळाले. खाणे परवडेना, तेव्हा त्याची रवानगी बॉस्टनच्या मत्स्यालयात झाली. काही वर्षांनी हा पठ्ठ्या येणाऱ्याजाणाऱ्यांना माणसाच्या आवाजात ‘इकडे ये’ म्हणून दरडावू लागला, आणि तेही आपल्या पालनकर्त्याच्या गावरान हेलात! 1985 साली तो वारला. त्याला अर्थ कळत नसेल. पण लहानपणी कानावर पडलेली बोली त्याने सोडली नाही, हे आम्हा भाषेच्या शिक्षकांना अंतर्मुख करणारे आहे.

आपल्याकडे सील नाहीत. परंतु 26 जुलै 2016 रोजी सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईच्या राणीच्या बागेत आले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी. त्यांच्यासाठी थंड हवेचे दालन बांधावे लागले. तीन महिने पुरे होण्याआधीच त्यांतली एक मादी जंतुसंसर्गाने दगावली आणि वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ उठला. 15 ऑगस्ट 2018 रोजी भारतातले पहिले पेंग्विनचे पिलू जन्मले. तेही आठवड्याभरात गेले. 2021 साली पुन्हा पिले झाली आणि वाढली. या सगळ्या काळात रोज मासे भरवणाऱ्या नि विष्ठा तपासणाऱ्या माणसांवर काय गुजरले असेल?

मुळात असे प्राणी आणावेत का, हा प्रश्न रास्त आहे. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर सरकारने 1998 साली बंदी घातली; 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. 2013 साली डॉल्फिनच्या खेळघरांनाही केंद्राने मनाई केली. मला हे निर्णय योग्य वाटतात. प्राणी आणणे हा एका समारंभाचा मामला, त्याला सांभाळणे मात्र त्याच्या उभ्या जन्माचा. ज्याला दुसरे जमत नाही, त्याने पहिले करू नये. पण जे आणले गेले आहेत, जे इथेच जन्मले आहेत, त्यांना आता परतीचा समुद्र नाही. त्यांच्या वाट्याला निदान भीती तरी येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

तेव्हा दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन राणीच्या बागेत, किंवा परदेशी लेकीकडे गेलात तर तिथल्या मत्स्यालयात, अवश्य जा. खेळ कोणता करतात, हे विचारू नका. खाण्याच्या वेळी जा आणि बादली घेऊन आलेल्या माणसाकडे प्राणी कसा येतो, तेवढे पाहा. तो आपण होऊन जवळ येतो, की अंग चोरून लांब राहतो? मुलांना ते तुमच्याआधी कळेल.