आजोबांची शिंगे आणि एक बंद झालेला व्यवसाय

आमच्या घरी ओसरीच्या भिंतीवर, दाराच्या बरोबर वर, काळविटाची दोन शिंगे लाकडी फळीवर बसवलेली होती. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ती तेथे होती. लहानपणी आम्ही त्यांना टोप्या अडकवीत असू. ती कोणाची, कोठून आली, हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही. गेल्या वर्षी आजोबा वारले. तेराव्यानंतर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा सातबाराच्या उताऱ्यांखाली वनखात्याचा एक पिवळा पडलेला दाखला निघाला. त्यावर आजोबांचे नाव होते आणि 'काळविटाची शिंगे, एक जोडी' अशी नोंद होती. या कागदाच्या निमित्ताने मी जे वाचले व विचारून घेतले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

प्रथम प्राण्याविषयी. आपण ज्याला सरसकट हरीण म्हणतो, त्यात दोन वेगळी कुळे आहेत. चितळ आणि सांबर यांची शिंगे भरीव हाडाची व फाटे फुटलेली असतात. ती दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट हे कुरंगाच्या कुळातले आहे. त्याच्या शिंगाला फाटे नसतात. आत हाडाचा गाभा व वर पिळदार पोकळ खोळ अशी त्याची रचना असते, आणि ते जन्मभर गळत नाही. वाशीम जिल्ह्याला काळवीट काही नवीन नाही. कारंजा तालुक्यात खास त्याच्यासाठी राखलेले सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर म्हणजे लहानच, त्यामुळे कळप आजूबाजूच्या सोयाबीन-हरभऱ्याच्या वावरांत उतरतात. कधी एखादे पाडस कठडा नसलेल्या विहिरीत पडते, तर कधी एखादे जनावर रस्त्यावर वाहनाखाली सापडते.

असे मेलेले जनावर टिकवून ठेवण्याची एक विद्या आहे. तिला इंग्रजीतून आलेला शब्द टॅक्सिडर्मी, आणि शुद्ध मराठीत चर्मपूरण. आपण नुसते 'पेंढा भरणे' म्हणतो. पण चांगल्या कामात पेंढ्याचा वाटा फार थोडा असतो. आधी मृत प्राण्याची बारीक मापे घेतात. मग कातडे अखंड सोलतात. त्याला चिकटलेले मांस व चरबी खरवडून मीठ चोळतात आणि ते कमावतात. काळवीट असेल तर शिंगाची खोळ हाडावरून सोडवून आतला गाभा स्वच्छ करावा लागतो, नाहीतर तेथेच कुजण्यास सुरुवात होते. नंतर मापांबरहुकूम शरीराचा साचा तयार करतात. पूर्वी तो कागदाच्या लगद्याचा करीत, आता फायबरचा करतात. साच्यावर कातडे चढवून शिवतात, काचेचे डोळे बसवतात, ओठ व पापण्या मातीने घडवतात. खरी परीक्षा येथेच असते. स्नायू कोठे ताणतो, कान कसा वळतो हे ज्याने जिवंत प्राण्यात पाहिलेले नाही, त्याच्या हातून हरणाची शेळी होते!

एके काळी हा आपल्या देशात भरभराटीचा धंदा होता. म्हैसूरचा व्हॅन इंगन यांचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत चालला. राजेरजवाडे व इंग्रज अंमलदार आपली शिकार तेथे पाठवीत. परदेशी हा धंदा आजही आहे. अमेरिकेत शिकारीच्या हंगामात परवानाधारक शिकारी मारलेले हरीण गावच्या दुकानात आणून टाकतात. दुकानदार मांस कापून, बांधून देतो आणि हवे असल्यास डोके भिंतीवर लावण्याजोगे करून देतो. आपल्याकडे मात्र हे दुकान उघडता येणार नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले. ज्यांच्याकडे आधीपासून शिंगे, कातडी होती त्यांनी ती जाहीर करून मालकीचा दाखला घ्यावा, अशी तरतूद झाली. आजोबांचा कागद त्यातलाच. १९८६ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांच्या वस्तूंचा व्यापार आणि त्यांच्या चर्मपूरणाचा खाजगी धंदा बंद केला. विहिरीत पडून मेलेले काळवीटही कायद्याने सरकारची मालमत्ता असते. वनखाते पंचनामा करते, पशुवैद्य शवविच्छेदन करतात आणि देहाची विल्हेवाट लावली जाते. जंगलात गळून पडलेले चितळाचे शिंग उचलून घरी आणणे हासुद्धा गुन्हाच. कोणास हे जाचक वाटेल. परंतु मेलेल्या हरणाला किंमत आली की जिवंत हरीण 'मरू' लागते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. शिंग वेचलेले की मारून काढलेले, हे बाजारात कोण ओळखणार?

मग ही विद्या बुडाली काय? नाही. मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड तेथल्या वस्तुसंग्रहालयातील प्राणी पाहून या विद्येकडे वळले. त्यांच्याच पुढाकाराने २००९ साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यजीवांच्या चर्मपूरणाचे केंद्र सुरू झाले. तेथे हाताळले गेलेले वाघ, सिंह, बिबटे मारलेले नव्हते, मेलेले होते. आणि ते दिवाणखान्यासाठी नव्हे, विद्यार्थ्यांसाठी टिकवले गेले. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, शाळेच्या सहलीत आम्ही असेच प्राणी पाहिले होते. रानातले जनावर क्षणात पळून जाते. तेथे मी अर्धा तास एका जागी उभी राहून पाहू शकले. विद्या तीच, पण तिचे गिऱ्हाईक बदलले, असे मला वाटते.

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करते. दाखला सापडल्यावर आम्ही निश्चिंत झालो होतो. परंतु दाखला आजोबांच्या नावाचा. अशी वस्तू वारशाने मिळाल्यास ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे जाहीर करावे लागते, हे मला वाचनात आढळले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे. मी हे सांगितले तेव्हा बाबा हसले. "एवढे वर्स भिताडावर हायेत, कोन काय म्हनते?" पण रात्री त्यांनीच कॅलेंडर काढून दिवस मोजले. मुदत संपायला १९ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याचे काम टाकून ते अर्ज घेऊन निघाले. त्या आठवड्यात कळपाने आमचे दोन तास हरभऱ्याचे खाल्ले होते. उंबऱ्यावर चपला घालताना ते म्हणाले, "जितं हरीन वावर खाते, अन् मेलं हरीन कचेरीत धाडते!"

अर्ज दाखल झाला आहे. शिंगे ठेवायची की नाही, यावर घरात अजून दोन मते आहेत. दाखलाधारकाला अशी वस्तू स्वखुशीने शासनाकडे सुपूर्द करण्याची सोय २०२२ च्या दुरुस्तीने केली आहे, मात्र तिचा मोबदला मिळत नाही. ती द्यावीत असे माझे मत. आजी म्हणते, "त्याईची आठोन हाये, राहू दे." तिच्यापुढे माझा कायदा लंगडा पडतो.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांत असे एखादे शिंग, देवघरात एखादे मृगाजिन असेल. त्याचा कागद आहे का, आणि असल्यास तो कोणाच्या नावाचा आहे, एवढे घरच्या वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा. ते सांगू शकतात तोवरच विचारा. आम्हाला ते ट्रंकेला विचारावे लागले.

(बी.ए. भाग २)