तागाचा धागा कुठे अडकला?

भूगोलाच्या तासाला 'ताग कोठे पिकतो?' असे विचारले की मुले 'पश्चिम बंगालमध्ये' असे पाठ केलेले उत्तर देतात. अशा वेळी एखादा शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणतो, "आमच्या शेतातही ताग असतो. फुलावर आला की आम्ही तो नांगरून गाडतो." शिक्षकाने या मुलाला गप्प बसवू नये. तोही बरोबरच सांगत असतो.

आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग म्हणजे क्रोटालारिया जुन्सिया. पिवळ्या फुलांचे हे झुडूप हरभरा, तूर यांच्या शेंगवर्गीय कुळातले. बंगालमधला ताग म्हणजे कॉर्कोरस. तो भेंडी, कापूस, अंबाडी यांच्या कुळातला. दोघांच्याही सालीतून वाख निघतो, म्हणून मराठीत एकच नाव दोघांना मिळाले. या लेखात आपण बोलणार आहोत ते दुसऱ्या तागाविषयी, म्हणजे ज्यूटविषयी. आपल्या घरातले गोणपाट त्याचेच असते.

हा माल मातीत सहज कुजतो, त्याचे पीक चार महिन्यांत तयार होते आणि प्लॅस्टिकला पर्याय तर सगळ्यांनाच हवा आहे. मग हुगळीकाठच्या ताग गिरण्या वारंवार बंद का पडतात? हे समजून घेण्यासाठी तळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

तळ्यात काय घडते?

तागाची पेरणी साधारण मार्च ते मे महिन्यांत होते आणि पावसाळ्यात तीन-चार मीटर उंचीची झाडे कापतात. त्यांच्या जुड्या बांधून पाण्यात बुडवून ठेवतात. सालीतले तंतू पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकांना आणि आतल्या लाकडाला चिकटलेले असतात. पाण्यातले जिवाणू हे पेक्टिन खातात, आणि दोन-तीन आठवड्यांत साल सुटते. मग शेतकरी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हाताने वाख सोडवतात, धुतात आणि वाळवतात. मागे सणकाड्या उरतात. त्या जळणाला आणि कुडाला उपयोगी पडतात.

ऐकायला हे सोपे वाटते, पण सारी प्रत येथेच ठरते. जुड्या लवकर बाहेर काढल्या तर बुडख्याकडे साल चिकटून राहते. उशीर झाला तर जिवाणू तंतूंनाही दुबळे करतात. पाणी स्वच्छ आणि मंद वाहते असेल तर वाख सोनेरी निघतो. पण पाऊस कमी पडला, किंवा तळे मत्स्यशेतीला दिलेले असले, की शेतकऱ्याला एखाद्या डबक्यावर भागवावे लागते. जुड्या बुडून राहाव्यात म्हणून वर चिखल आणि केळीचे खुंट ठेवतात. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून निघत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातले टॅनिन आणि चिखलातले लोह यांच्या संयोगाने काळे द्रव्य बनते आणि वाख काळपट होतो. शंभराहून अधिक दिवसांची मेहनत अशी शेवटच्या पंधरवड्यात कमी भावाची ठरते.

यावर उपाय सापडलेला आहे. बराकपूर येथील केंद्रीय ताग संशोधन संस्थेने पेक्टिन खाणाऱ्या निवडक जिवाणूंची भुकटी तयार केली आहे. ती जुड्यांवर टाकली की कुजण्याचा काळ काही दिवसांनी कमी होतो आणि वाखाचा रंगही सुधारतो. २०१५ पासून ती सरकारी योजनेतून शेतकऱ्यांना दिली जाते. मात्र गावातला व्यापारी पुष्कळदा चांगला-वाईट वाख एकत्रच, सरासरी भावाने उचलतो. मग जास्त काळजी घेण्यात शेतकऱ्याला काय मिळणार?

धाग्याची मर्यादा

गिरणीत गेल्यावर तागाचा दुसरा स्वभाव कळतो. कापसाचा एक तंतू म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची एक पेशी. तागाचा वाख दोन-तीन मीटर लांब दिसतो, पण त्यातली प्रत्येक पेशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. या पेशींना जोडून ठेवण्याचे काम लिग्निन आणि हेमिसेल्युलोज करतात. वाखात १२ ते १४ टक्के लिग्निन असते. त्यामुळे ताग राठ असतो आणि उन्हात पिवळा पडतो. लिग्निन पूर्ण काढावे, तर धाग्याचे तुकडेच हाती येतात! म्हणून तागाचे तलम कापड करणे अवघड जाते.

राठ वाख सुतासाठी मऊ करायला त्यावर तेल आणि पाणी यांचे मिश्रण शिंपडतात. यासाठी पूर्वी खनिज तेल वापरत. त्याचा अंश अन्नात उतरण्याची भीती असल्याने खाद्यपदार्थांच्या पोत्यांसाठी आता भाताच्या कोंड्याचे तेल वापरले जाते.

गिरणी आणि कायदा

भारतातली पहिली ताग गिरणी १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे सुरू झाली. पुढे जगाच्या धान्याची, कॉफीची आणि साखरेची पोती येथून जाऊ लागली. १९४७ च्या फाळणीने गिरण्या भारतात राहिल्या आणि बहुतेक शेते पूर्व पाकिस्तानात गेली. तेव्हा पश्चिम बंगाल, बिहार आणि आसाम येथे लागवड वाढवण्यात आली. आज ताग उत्पादनात भारत जगात पहिला आहे.

दुसरा धक्का प्लॅस्टिकचा होता. पॉलिप्रोपिलीनचे पोते हलके, स्वस्त आणि ओल न धरणारे. ५० किलो धान्याचे तागाचे पोते ५८० ग्रॅम भरते. प्लॅस्टिकचे त्याच्या पाव वजनाचेही नसते. त्यापुढे ताग टिकेना, म्हणून १९८७ मध्ये संसदेने ताग वेष्टन कायदा केला. आजच्या नियमानुसार सर्व धान्य आणि २० टक्के साखर तागाच्या पोत्यांत भरायची असते. आपल्याकडच्या साखर कारखान्यांनाही हे लागू आहे. देशात पिकणाऱ्या तागापैकी सुमारे ६५ टक्के या सक्तीच्या पोत्यांत जातो. सरकारी आकडेवारीनुसार गिरण्यांतले सुमारे पावणेचार लाख कामगार आणि ४० लाख शेतकरी कुटुंबे या पिकावर अवलंबून आहेत.

म्हणजे कायद्याने उद्योग जगवला, पण एकाच गिऱ्हाइकावर. पोत्याची किंमत सरकार ठरवते, आणि पोते मध्यम प्रतीच्या वाखाचेही चालते. हुकमी खरेदी असताना नवा माल शोधण्याची निकड गिरणीला वाटत नाही. चांगल्या वाखाला जादा भाव देण्याचे कारणही तिच्याजवळ नसते. तळ्याकाठचा आळस आणि गिरणीतला आळस एकमेकांना असे पोसतात.

याची किंमत कोण मोजतो, ते २०२० नंतर दिसले. त्या वर्षी मे महिन्यात अंफान वादळाने बंगालमधल्या पिकाचे नुकसान झाले. पुढे कच्च्या तागाचे भाव चढत गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने क्विंटलला ६,५०० रुपये अशी कमाल मर्यादा घातली. त्या भावाला ताग मिळेना आणि गिरण्या बंद पडू लागल्या. मे २०२२ मध्ये मर्यादा उठवण्यात आली. दरम्यान पोत्यांचा तुटवडा भरून काढण्यासाठी प्लॅस्टिकच्या पोत्यांना परवानगी द्यावी लागली. ज्याला दूर ठेवण्यासाठी कायदा केला, तेच मागच्या दाराने आत आले, आणि मजूर घरी बसले.

कायदा काढून टाकावा, असा याचा अर्थ नाही. तो एकाएकी गेला तर लाखो घरांची चूल विझेल. पण कायदा फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळात तळ्याकाठी प्रतीनुसार भाव मिळायला हवा आणि गिरणीत पोत्यापलीकडचा माल निघायला हवा. मातीची धूप रोखणारी तागाची जाळी, पिशव्या, मोटारींच्या आतल्या भागांसाठीचे तक्ते हे सारे आज बनते, पण थोडे. लिग्निनचा राठपणा येथे दोष ठरत नाही. काम संपल्यावर मातीत विरून जाणे हा तर गुणच आहे.

वर्गात करून पाहा

१. दोन पेल्यांत दुधाशिवायचा गार झालेला कोरा चहा घ्या. एका पेल्यात चिमूटभर हिराकस टाका. चहा काळा पडेल. टॅनिन आणि लोह यांची हीच क्रिया डबक्यातल्या वाखावर होते. (हा चहा कोणी पिऊ नये.)

२. अंबाडीच्या किंवा आपल्याकडच्या तागाच्या ताज्या काड्या दोन बादल्यांत बुडवून ठेवा. एका बादलीतले थोडे पाणी रोज बदला, दुसरीला हात लावू नका. दहाव्या, पंधराव्या आणि विसाव्या दिवशी साल सोलून पाहा आणि नोंद ठेवा. वाख कधी सहज सुटला? कोणत्या बादलीतला उजळ निघाला? कोणता ओढल्यावर लवकर तुटला? वास येईल, तेव्हा बादल्या वर्गाबाहेर ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा. त्या वासात कमरेइतक्या पाण्यात दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाला आपल्या पोत्यामागे किती मिळत असेल, हा प्रश्न मुलेच विचारतील.