भोंगा वाजला की जायचं कुठे?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. डोळ्यांची आग आणि खोकल्याची ढास यांनी जागी झालेली जयप्रकाश नगरमधली माणसं पोरांना उचलून वाट फुटेल तिकडे धावली, कित्येकजण वाऱ्याच्याच दिशेने. धावताना श्वास खोल जातो, तसं विषही खोल जातं. वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा. त्यामुळे लहानग्यांवर त्याचा घाला जास्त. नाकातोंडावर ओलं फडकं धरा, वारा आडवा कापून बाजूला व्हा, एवढंसुद्धा त्यांना आधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

वर्षभरानेच दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगाची जबाबदारी कोणतीही सबब न चालणारी ठरवली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम. आसपासच्या रहिवाशांना धोका कोणता, अपघात झाल्यास काय करायचं आणि काय टाळायचं, हे सांगणं या नियमांनी कारखानदारावर बंधनकारक केलं. रसायन नेणाऱ्या टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे फलक आला. त्यावरचा चार आकडी क्रमांक रसायन ओळखून देतो: १०१७ म्हणजे क्लोरिन, १००५ अमोनिया. लांबूनच तो वाचून ११२ वर कळवला, तर अग्निशमन दल तयारीनिशी येतं.

कागद भक्कम झाला, पण तो वस्तीपर्यंत पोचला नाही. २०१० मध्ये मुंबई बंदरात, शिवडीजवळ, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या क्लोरिनच्या सिलिंडरमधून गळती झाली. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन पसरलं. भोंगा वाजलाच नाही. जीव वाचवायला निघालेले लोक रस्त्यातच कोसळले, बाराजण दगावले. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला, २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा झाला.

चाळीस वर्षांनी शिकायचं ते थोडकंच आहे. वायू घराबाहेर असेल आणि निघायची सूचना नसेल, तर आतच थांबा. दारं-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा, फटींत ओले टॉवेल कोंबा. जड वायू असेल तर वरच्या मजल्यावर जा. बाहेर सापडलात, तर धूर किंवा झेंडा पाहून वाऱ्याचा रोख ओळखा, त्याला आडवं चालत ढगाबाहेर पडा आणि मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा. एलपीजी गळत असेल तर बटणाला हात लावू नका, काडी ओढू नका, दूर व्हा. अंगावर रसायन उडालं तर कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवा.

हे प्रत्येक एमआयडीसीलगतच्या सोसायटीत, शाळेत आणि ग्रामसभेत सांगितलं गेलंच पाहिजे, आणि मॉक ड्रिल कारखान्याच्या कुंपणाबाहेरही झालं पाहिजे. आपल्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय, हे विचारायला संकोचू नका. धोका कोणता, हे सांगणं त्यांना नियमानेच भाग आहे.