परक्या चेहऱ्याचे विद्यार्थी

विद्येसाठी घर सोडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. परंतु विद्येच्या नगरीतून विद्यार्थ्याला जिवाच्या भीतीने पळावे लागावे, ही नामुष्की महाराष्ट्राने २०१२ साली पाहिली. त्या जुलैत आसामातील कोक्राझार भागात दंगली उसळल्या आणि ऑगस्टमध्ये त्यांची झळ पुण्याला लागली. त्या दंगलींशी काडीचाही संबंध नसलेल्या मणिपुरी व अन्य ईशान्य भारतीय तरुणांना केवळ चेहरेपट्टीवरून गाठून मारहाण झाली. पाठोपाठ अफवांचे एसएमएस फिरले आणि बंगळूर, पुणे येथून हजारोंनी गुवाहाटीची वाट धरली. एकगठ्ठा संदेशांवर केंद्र सरकारला तात्पुरते निर्बंध घालावे लागले.

अफवा खोटी होती, हे खरे. परंतु ती इतक्या जणांना खरी का वाटली? रोज रस्त्यात ‘चिनी’ म्हणून हिणवले जाणाऱ्याला हे शहर आपला बचाव करील, असा भरवसा वाटत नाही. हाताआधी जीभ उठलेली असते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी नीडो तानिया याच्या केसांवरून थट्टा झाली, भांडण झाले, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

ही मुले हौसेने दूर येत नाहीत. उच्च शिक्षण व रोजगार मोजक्या महानगरांत एकवटले की उर्वरित प्रदेशांतील तरुणांना स्थलांतरावाचून गत्यंतर उरत नाही. महानगर त्यांच्याकडून शुल्क घेते, खोलीभाडे घेते, पुढे त्यांचे श्रमही घेते. मग सुरक्षिततेचे देणे तेवढे कसे नाकारता येईल?

तानियाच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अवहेलनेसाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमे सुचविली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती आली नाहीत. पाच वा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद तीत आहे, हे स्वागतार्हच. पण खून ही या साखळीची अखेरची कडी आहे. पहिली कडी शिवीची, आणि तिचे स्वतंत्र कलम आजही नाही.

भंडाऱ्यात बसून महानगरांना दूषणे देण्याचा अधिकार मात्र आम्हांला नाही. २००६ साली याच जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्यांत शिकणारी मुलगीही होती. तेथे चेहरा वेगळा नव्हता. जात पुरेशी ठरली. दुसरीकडे, पूर्वी आमच्या जिल्ह्यात आणि १९९९ पासून गोंदियात असलेल्या गोठणगाव परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत पन्नासहून अधिक वर्षे नांदते आहे. म्हणजे परकेपणा चेहऱ्यात नसतो. पाहणाऱ्याच्या सवयीत असतो, आणि सवय बदलता येते.

ती बदलण्याची जागा महाविद्यालय हीच आहे. झाडीपट्टीतून पुण्याला जाणाऱ्या आमच्या मुलांचीही बोलीवरून थट्टा होते. तो सल त्यांना ठाऊक आहे. वर्गात, वसतिगृहात पहिल्या हिणकस शब्दाची नोंद व्हावी, तक्रारीला ‘गंमत’ म्हणून वाटेला लावू नये, आणि पोलिसांनी परप्रांतीय विद्यार्थ्याचे म्हणणे त्याला येणाऱ्या भाषेत ऐकून घ्यावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.