नव्व्याण्णव पौंडांचे गणित

पहिल्या वर्षाला असताना ‘संधी खर्च’ ही अर्थशास्त्रातली संज्ञा मी पाठ केली. एक पर्याय निवडताना जो दुसरा उत्तम पर्याय सोडावा लागतो, त्याचे मूल्य म्हणजे संधी खर्च. उत्तरपत्रिकेत हे बिनचूक लिहिले, गुणही मिळाले. पण अर्थ विचाराल तर पाटी कोरी. घरी विचारावे, तर आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तो अर्थ मला उमगला दिवाळीच्या सुट्टीत, एका जुन्या व्हिडिओ गेममुळे. वाचक हसतील, पण हकीकत अगदी खरी आहे.

गेमचे नाव ‘फिशिंग डर्बी’. अटारी कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७९ साली अमेरिकेत ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ उभी केली. तेथे डेव्हिड क्रेन यांनी रचलेला हा खेळ १९८० साली बाजारात आला. तो ज्या ‘अटारी २६००’ यंत्रावर चाले, त्याची तात्पुरती स्मृती अवघी १२८ बाइट. देवनागरीतले एखादे लांब वाक्यही तिच्यात मावणार नाही! माझ्या मामेभावाने तो खेळ आपल्या संगणकावर चालवून दाखवला.

पडद्याच्या दोन्ही कडांना धक्क्यावर एकेक मासेमार गळ टाकून बसलेला. मध्ये पाणी आणि पाण्यात माशांच्या सहा ओळी. वरच्या दोन ओळींतला मासा २ पौंडांचा, मधल्या दोन ओळींतला ४ पौंडांचा, तळाच्या दोन ओळींतला ६ पौंडांचा. जो आधी ९९ पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो मासे धरील, तो जिंकला. पाण्याच्या वरच्या थरात मात्र एक शार्क सारखा फेऱ्या घालतो आणि गळाला लागलेला मासा वर येता येता गिळून टाकतो.

आता हिशेब मांडू. फक्त वरचे मासे धरायचे तर ५० लागतात, मधले २५ आणि तळाचे केवळ १७. मी खुशीत गळ थेट तळाला सोडला आणि सपाटून हरले. तळाचा मासा वर येईपर्यंत मामेभाऊ वरचे मासे एकामागून एक काढीत होता. शिवाय एक मेख आहे. बटण दाबले की दोरी भराभर गुंडाळली जाते. पण दोघांच्याही गळाला मासा असेल, तर ज्याला आधी लागला त्यालाच हा हक्क मिळतो.

म्हणजे येथे मासे हे भांडवल नव्हेच. ते कधी संपत नाहीत. खरे भांडवल वेळ आणि ओढण्याची पाळी. म्हणून शार्क दुसऱ्या कडेला असेल तेव्हा तळाचा मासा धरावा. तो आपल्याकडे वळला असेल तर वरच्या लहान माशावर समाधान मानावे. ९६ पौंड झाल्यावर तळाला जाणे तर शुद्ध वेडेपणा, कारण मधला एक मासा पुरतो.

बाबा शेजारी जाळे दुरुस्त करीत बसले होते. थोडा वेळ पाहून म्हणाले, “मोठा मासा लांब असतो, हे बरोबर दाखवलंय. पण यात डिझेल कुणाचं जळतं गं?”

मग त्यांनीच समजावले. सुरमईसाठी लांब जायचे तर डिझेल जास्त, बर्फ जास्त, आणि तेवढ्या दिवसांत किनाऱ्याजवळच्या बांगड्याच्या दोन खेपा बुडतात. आधी खर्च वजा होतो, उरेल त्याचे वाटे पडतात. संज्ञा ठाऊक नसलेला हा माणूस रोज पहाटे धक्क्यावर संधी खर्च मांडीत होता!

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कॉलेजात नसते तर आईबरोबर बाजारात टोपली घेऊन बसले असते. तीन वर्षांची ती कमाई आमच्या घराने सोडून दिली आहे. फीच्या पावतीवर तो आकडा कुठेच छापलेला नसतो. माझ्यासाठी आईबाबांनी दोरी तळाच्या ओळीत सोडली आहे, आणि मासा वर यायला अजून दीड वर्ष आहे. तोवर शार्ककडे लक्ष ठेवणे हे माझे काम.