ज्युलियाची तीन नावं

रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. छाप्यावर उजवीकडे पाहणारी एक स्त्री आणि काट्यावर चक्क पाठमोरी देवी, वस्त्र कमरेखाली घसरलेलं. असं रोमन चांदीचं नाणं, म्हणजे डिनॅरियस, हाती आलं की चेहऱ्यावरून माणूस ओळखायचा मोह होतो. त्याआधी कडेची अक्षरं वाचावीत.

तरी या बाईचे केस बघण्यासारखे आहेतच. कपाळापासून मानेपर्यंत उतरत गेलेल्या लाटा आणि मागे भरगच्च अंबाडा, जणू शिरस्त्राणच. ती केसांचा टोप वापरत असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ही ज्युलिया डोम्ना. सीरियातल्या एमेसाची, म्हणजे आजच्या होम्सची लेक. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी. कॅराकॅला आणि गेटा यांची आई.

आता अक्षरं. ती डावीकडे खालून सुरू होतात आणि घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात. 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला असतो, त्यामुळे नवख्याची गाडी पहिल्याच शब्दाला अडते. 'इयूलिया डोम्ना ऑग' असं लागलं, तर नाणं इ.स. 193 ते 196 मधलं. 196 पासून 'डोम्ना' गळून नुसतं 'इयूलिया ऑगस्टा' उरतं. 211 मध्ये सेव्हेरस वारला, मुलं गादीवर आली आणि राजमातेच्या नावाला 'पिया फेलिक्स' ही बिरुदं लागली. नाण्यावर साल नसलं तरी काळ असा सापडतो.

घोळ एवढाच, की तिची बहीण मैसा आणि भाच्या सोएमियस व मामेया याही ज्युलियाच! सुदैवाने त्यांच्या नाण्यांवर हे दुसरं नाव कोरलेलं असतं.

पाठमोऱ्या देवीच्या एका हातात सफरचंद, दुसऱ्या हातात खजुरीची फांदी आणि कोपर खांबावर टेकलेलं. शेजारची अक्षरं 'वेनेरी व्हिक्ट्र', म्हणजे 'विजयी व्हीनसला'. सफरचंद ग्रीक पुराणकथेतल्या पॅरिस या राजपुत्राने देवींच्या सौंदर्यस्पर्धेत तिला दिलेलं. 193 मध्ये सत्ता बळकावलेला सेव्हेरस तेव्हा नायजर आणि अल्बिनस या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजत होता. अशा वेळी राणीच्या नाण्यावर विजयी देवी येते, ती निव्वळ शोभेसाठी नव्हे.

लढायांना पैसा लागतो. याच सम्राटाच्या काळात डिनॅरियसमधली चांदी निम्म्याच्या आसपास घसरली. त्या काळीही तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून खोटी नाणी पाडत, कुठे पापुद्रा सुटून आतलं तांबं दिसतंय का, ते पाहावं. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला बहुधा शिवण दिसते, म्हणून कडही भिंगाखाली फिरवावी.

आणि नाणं काळपट दिसलं म्हणून कृपा करून टूथपेस्टने घासू नका. काळपटपणा निघतोच, पण त्यासोबत अक्षरंही झिजतात.