गोचिडीतील अनोळखी विषाणूंचा माग

गोचिडीमार्फत पसरणारा माकडताप १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात उघडकीस आला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, संशोधकांची मुख्य भिस्त एकाच रीतीवर होती: गोचिडी वाटून त्यांचा अर्क उंदराच्या दूधपित्या पिलांना टोचायचा आणि ती आजारी पडतात का ते पाहायचे. या रीतीने मोलाचे शोध लावले. परंतु जो विषाणू उंदराला बाधत नाही, तो तिच्या नजरेआडच राहत असे.

जनुकीय क्रमवाचनाला ही अडचण नाही. गोचिडी धुऊन, कुटून त्यांतील आरएनए, म्हणजे बहुतेक गोचीडजन्य विषाणूंचा आनुवंशिक मजकूर धारण करणारा रेणू, वेगळा काढतात. त्याच्या डीएनए प्रतींचे कोट्यवधी लहान तुकडे यंत्र वाचते आणि संगणक ते जुळवून लांब क्रम तयार करतो. खरे कष्ट यानंतरचे, कारण त्या मजकुरात गोचिडीचा स्वतःचा, तिच्या शरीरातील जिवाणूंचा आणि तिने ज्याचे रक्त प्यायले त्या जनावराचाही भाग मिसळलेला असतो. म्हणून आरएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज या प्रथिनाचा क्रम शोधतात. त्याचा गाभा उत्क्रांतीत फार सावकाश बदलत असल्याने अनोळखी विषाणूचेही कूळ त्यावरून ओळखता येते. तरीही सावधगिरी हवीच, कारण प्राचीन विषाणूंचे काही अवशेष गोचिडीच्या स्वतःच्या जनुकसंचातच सामावलेले असतात.

चीनच्या हुबेई प्रांतातील गोचिडींत सापडलेला आणि २०१४ साली जाहीर झालेला जिंगमेन टिक विषाणू हे या पद्धतीचे सर्वांत विलक्षण फळ होय. त्याचा जनुकसंच चार स्वतंत्र तुकड्यांत विभागलेला आहे. त्यांपैकी दोन तुकडे डेंग्यू आणि माकडताप यांच्या फ्लेव्हिव्हायरस गटाशी नाते सांगतात, जरी त्या परिचित विषाणूंचा जनुकसंच अखंड असतो, तर उरलेल्या दोहोंचा एकही ज्ञात नातलग तेव्हा सापडला नाही.

मात्र क्रम सापडला म्हणजे रोग सापडला असे होत नाही. जिंगमेनच्याच गोतावळ्यातील आलोंगशान विषाणूचा शोध उलट दिशेने, रुग्णापासून सुरू झाला: २०१७ साली इनर मंगोलियात गोचीड चावल्यानंतर ताप आणि डोकेदुखी झालेल्या रुग्णाच्या रक्तातून त्याचा सुगावा लागला आणि पुढील तपासात ८६ जणांना त्याचा संसर्ग झाल्याचे निश्चित झाले. सिंधुदुर्गात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती. तेथील गोचिडींबरोबरच, माकडतापाची चाचणी नकारार्थी येऊनही तापाने फणफणणाऱ्या रुग्णांच्या रक्ताचेही असेच क्रमवाचन नियमाने व्हायला हवे.